केर्न्स परिसरातील भाषा : प्रवाळ, पर्जन्यारण्य आणि स्मृती

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील केर्न्स हे नगर प्रवाशांना दोन गोष्टींमुळे परिचित आहे. नगराच्या पूर्वेस महाप्रवाळभित्ती पसरलेली आहे. पश्चिमेस व दक्षिणेस, डोंगर जेथे समुद्राच्या अगदी निकट येतात तेथे, उष्णकटिबंधीय पर्जन्यारण्य आहे. पहिलीची लांबी सुमारे २,३०० किलोमीटर असून तिचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत १९८१ साली झाला. दुसऱ्याचे संरक्षित क्षेत्र सुमारे ८,९०० चौरस किलोमीटर असून त्याला तीच मान्यता १९८८ साली मिळाली. असे दोन निसर्गप्रदेश एकमेकांस लागून असल्याचे उदाहरण जगात विरळाच. प्रवासी एक दिवस नौकेने ग्रीन बेटावर जातो, दुसऱ्या दिवशी १८९१ साली कुरांडापर्यंत पोचलेल्या लोहमार्गाने घाट चढून अरण्यात जातो आणि केर्न्स पाहिल्याचे समाधान घेऊन परततो.

या प्रदेशाला तिसराही एक वारसा आहे. तो म्हणजे येथील मूळ रहिवाशांच्या भाषा. प्रवासी-मार्गदर्शिकेत त्यांस फारसे स्थान नसते. भाषाशास्त्राच्या ग्रंथांत मात्र गेल्या साठ वर्षांत त्यांचा उल्लेख वारंवार होत आला आहे. विभक्तिविचार, लिंगविचार, शब्दार्थविचार आणि भाषांचा ऱ्हास या चारही विषयांत या लहानशा पट्ट्याने अभ्यासकांना महत्त्वाची सामग्री पुरविली आहे. शिवाय प्रवाळ आणि अरण्य यांच्या इतिहासाविषयीही या भाषांत काही साक्ष सापडते. या सर्वांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नावांचे थर

जून १७७० मध्ये जेम्स कुक ‘एन्डेव्हर’ जहाजातून या किनाऱ्याने उत्तरेकडे गेला. ट्रिनिटी रविवारी दिसलेल्या उपसागरास त्याने ‘ट्रिनिटी’ हे नाव दिले. ग्रीन बेटास जहाजावरील ज्योतिर्विद चार्ल्स ग्रीन याचे नाव मिळाले. ११ जूनच्या रात्री जहाज प्रवाळावर आदळले. ज्या भूशिरापाशी या संकटांचा आरंभ झाला त्यास त्याने ‘ट्रिब्युलेशन’, म्हणजे विपत्तीचे भूशिर, म्हटले. केर्न्स हे नगर त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, १८७६ साली, हॉजकिन्सनच्या सोन्याच्या खाणींचे बंदर म्हणून वसले आणि त्यास क्वीन्सलँडचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेलिंग्टन केर्न्स यांचे नाव देण्यात आले.

या थराखाली दुसरा, फार जुना थर आहे. केर्न्सच्या जागेचे यिदिञ् भाषेतील नाव ‘गिमुय’ असे असून ते उंबरवर्गातील एका वृक्षावरून आले आहे. पठारावरील ईचम आणि बरीन या सरोवरांची नावे इंग्रजी वाटतात. वस्तुतः ती ‘यिद्याम’ आणि ‘बाराञ्’ या मूळ नावांची अपभ्रष्ट रूपे आहेत.

नगर, मलग्रेव्ह नदीचे खोरे आणि पठाराचा काही भाग हा यिदिञ् भाषेचा प्रदेश. खाडीपलीकडील याराबा येथे बोलली जाणारी गुंगाय ही तिचीच बोली. कुरांडा आणि बॅरन नदीचा परिसर जाबुगाय भाषेचा. दक्षिणेस जिर्बल हे सामान्य नाव ज्यांस दिले जाते त्या बोलींचा समूह आहे. उत्तरेस, एन्डेव्हर नदीच्या मुखाशी, गुगु यिमिदिर ही भाषा आहे. या शेवटच्या नावाची व्युत्पत्ती बोधप्रद आहे : ‘गुगु’ म्हणजे भाषा, ‘यिमि’ म्हणजे ‘हे’, आणि ‘-दिर’ हा ‘असलेली’ या अर्थाचा प्रत्यय. ‘हे’ या अर्थी ‘यिमि’ म्हणणाऱ्यांची भाषा, असा त्या नावाचा अर्थ होतो.

ध्वनिदृष्ट्या या भाषांत काही साम्ये आहेत. मूळ स्वर ‘आ’, ‘इ’, ‘उ’ असे तीनच. घोष-अघोष भेद अर्थभेदक नाही. म्हणून एकच शब्द कोणी ‘प’ने तर कोणी ‘ब’ने लिहिलेला आढळतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे घर्षक ध्वनी नाहीत. याउलट ‘ङ’ आणि ‘ञ’ हे अनुनासिक शब्दारंभीही येतात. मराठी विद्यार्थी ही अक्षरे वर्णमालेत शिकतो, परंतु ‘वाङ्मय’सारखा एखादा शब्द सोडल्यास ‘ङ’ स्वतंत्रपणे लिहिण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. येथे मात्र रोजच्या बोलण्यात त्यांची गरज पडते. देवनागरी या बाबतीत रोमन लिपीपेक्षा सोयीची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२. ‘कांगारू’ शब्दाचा प्रवास

फुटलेले जहाज दुरुस्त करण्यासाठी कुक सुमारे सात आठवडे एन्डेव्हर नदीच्या मुखाशी थांबला. तेथे त्याने व जोसेफ बँक्स याने स्थानिक लोकांकडून काही शब्द लिहून घेतले. ‘कांगारू’ हा त्यांपैकीच एक. ऑस्ट्रेलियातील भाषेची ही पहिली लिखित नोंद होय.

या शब्दाविषयी एक आख्यायिका सर्वत्र प्रचलित आहे. प्राण्याचे नाव विचारले असता स्थानिक मनुष्याने ‘मला समजत नाही’ असे उत्तर दिले आणि तेच नाव म्हणून नोंदले गेले, अशी ती कथा. तिच्या उगमाशी दोन घटना दिसतात. १७८८ साली सिडनी येथे पोचलेल्या इंग्रजांनी हा शब्द तेथील लोकांवर वापरून पाहिला. परंतु सिडनीची भाषा अगदी निराळी असल्यामुळे त्यांना तो परका वाटला. पुढे १८२० साली फिलिप पार्कर किंग एन्डेव्हर नदीवर आला. त्याने तोच प्राणी दाखवून नाव विचारले, तेव्हा त्यास ‘मिन्हा’सारखा एक वेगळाच शब्द ऐकू आला. त्यावरून कुकची नोंद चुकीची ठरविण्यात आली.

या कोड्याची निश्चित उकल जॉन हॅविलँड यांच्या १९७०च्या दशकातील क्षेत्रकार्याने झाली. गुगु यिमिदिर भाषेत ‘गाङुरु’ हा शब्द खरोखरच आहे. तो कांगारूच्या सर्व जातींस लागू नसून एका मोठ्या जातीचे ते विशिष्ट नाव आहे. ‘मिन्हा’ या शब्दाचा अर्थ ‘खाण्यायोग्य प्राणी’. म्हणजे कुकला जातिविशेषाचे नाव मिळाले, किंगला वर्गाचे. दोघांच्याही नोंदी खऱ्या होत्या. प्रश्न मात्र एक असूनही उत्तरे दोन निराळ्या पातळ्यांवरची होती. शब्दसंग्रह करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

३. नामांचे वर्ग

‘मिन्हा’ हा शब्द एका व्यापक व्यवस्थेचा अंश आहे. यिदिञ् भाषेत नामाच्या आधी वर्गवाचक शब्द योजण्याची रीत आहे : मांसान्नासाठी ‘मिञा’, वनस्पतिजन्य अन्नासाठी ‘मायि’. रानात राहणाऱ्या समाजास कोणती वस्तू खाण्याजोगी आहे हा प्रश्न सर्वप्रथम पडतो, आणि त्याचे उत्तर भाषेच्या घडणीतच गोवलेले असते.

जिर्बल बोलींत हीच प्रवृत्ती चार नामवर्गांत परिणत झाली आहे. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात त्यांचे विवेचन आहे. ‘बायि’ या दर्शकाचा वर्ग पुरुषांचा व बहुतेक प्राण्यांचा. ‘बालान’ हा स्त्रिया, पाणी, अग्नी आणि युद्ध यांचा. ‘बालाम’ हा वनस्पतिजन्य अन्नाचा. आणि ‘बाला’ हा उरलेल्या सर्वांचा. वरवर पाहता अनेक नामे भलत्याच वर्गात पडलेली दिसतात, परंतु त्यांस कारण असते. सूर्य ही कथेतील स्त्री, म्हणून ती ‘बालान’. चंद्र तिचा पती, म्हणून तो ‘बायि’. पक्षी हे मृत स्त्रियांचे आत्मे मानले जातात, म्हणून प्राणी असूनही ते ‘बालान’. मासे ‘बायि’, परंतु इजा करणारा मासा वर्ग बदलून ‘बालान’मध्ये जातो.

जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ साली आपल्या ग्रंथास याच वर्गावरून नाव दिले, आणि तेव्हापासून ‘स्त्री, अग्नी व धोकादायक वस्तू’ ही मालिका सर्वश्रुत झाली. तिच्यावरून जिर्बल लोक स्त्रियांस धोकादायक मानतात असे अनुमान काही वाचक काढतात; ते निराधार आहे. एकाच वर्गात येण्याची कारणे भिन्न असू शकतात. मराठीत ‘भाकरी’ आणि ‘तलवार’ ही दोन्ही स्त्रीलिंगी आहेत, एवढ्यावरून मराठी माणसाच्या मनात त्यांचा काही संबंध आहे असे कोणी म्हणणार नाही.

४. कर्त्याची विभक्ती : मराठीशी तुलना

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने जिर्बलचा सर्वांत उद्बोधक भाग म्हणजे तिची विभक्तिव्यवस्था. पुढील वाक्ये पाहावीत.

याबु बानागाञु : आई परतली.
ङुमा बानागाञु : बाप परतला.
ङुमा याबुङ्गु बुरान : आईने बापाला पाहिले.

तिसऱ्या वाक्यात सकर्मक क्रियेच्या कर्त्यास ‘-ङ्गु’ हा प्रत्यय लागला आहे. कर्म मात्र अकर्मक कर्त्याप्रमाणेच प्रत्ययरहित आहे. मराठी भूतकाळात हीच रचना आढळते : ‘राम आला’, परंतु ‘रामाने आंबा खाल्ला’. आपल्या व्याकरणपरंपरेने तिची व्यवस्था तृतीया विभक्ती आणि कर्मणी प्रयोग या संज्ञांनी लावली आहे. भेद असा की मराठीत ही रचना मुख्यत्वे भूतकाळापुरती आहे, तर जिर्बलमध्ये काळाशी तिचा संबंध नाही.

आता सर्वनामे घेऊ. ‘ङाना’ म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘ञुरा’ म्हणजे ‘तुम्ही’.

ङाना बानागाञु : आम्ही परतलो.
ञुरा ङानाना बुरान : तुम्ही आम्हाला पाहिले.

येथे कर्ता ‘ञुरा’ प्रत्ययरहित असून प्रत्यय कर्मास लागला आहे. म्हणजे प्रथम व द्वितीय पुरुषी सर्वनामांची व्यवस्था नामांच्या अगदी उलट आहे. मराठीतही ‘त्याने आंबा खाल्ला’, पण ‘मी आंबा खाल्ला’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांसही ‘ने’ लागत नाही. हे साम्य लक्षणीय आहे. तथापि त्यास मर्यादा आहेत. जुन्या मराठीत ‘म्यां’, ‘त्वां’ ही तृतीयेची रूपे होती. आजची स्थिती ती लोपल्यामुळे आली आहे. शिवाय ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी चिंच खाल्ली’ यांत क्रियापद कर्मानुसारच बदलते, म्हणजे कर्त्याचा प्रत्यय गेला तरी प्रयोग कर्मणीच राहिला. जिर्बल क्रियापदास पुरुष-वचनाचा विकार नाही. तेथे सर्व भार विभक्तीवरच आहे.

नाते नसलेल्या दोन भाषांत पुरुषभेदाची रेषा एकाच ठिकाणी का पडावी? मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी १९७६ साली याचे उत्तर सुचविले. बोलणारा आणि ऐकणारा हे क्रियेचे स्वाभाविक कर्ते. त्यांच्या कर्तृत्वास वेगळी खूण नको. नाम जो जो या स्थानापासून दूर, तो तो कर्ता होताना त्यास खुणेची अधिक गरज. या उपपत्तीस जिर्बलने जेवढा आधार दिला तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या भाषेने दिला असेल.

जिर्बलचे वैशिष्ट्य येथेच थांबत नाही. मराठीत ‘आईने बापाला पाहिले आणि परतली’ म्हटल्यास परतणारी आई. जिर्बलमध्ये ‘ङुमा याबुङ्गु बुरान बानागाञु’ या वाक्यात परतणारा बाप आहे. कारण जोडवाक्यात अध्याहृत राहणारे पद प्रत्ययरहित पदच असते. आई परतली असे सांगावयाचे असल्यास क्रियापदाचे रूप बदलून ‘याबु बुरालङाञु ङुमागु बानागाञु’ असे म्हणावे लागते. मराठीत तृतीयेची खूण विभक्तीपुरती आहे, वाक्यबंधात ती उतरलेली नाही. जिर्बलमध्ये ती वाक्यबंधापर्यंत पोचली आहे. ‘कर्ता’ ही संकल्पना सर्व भाषांत एकरूप असते या गृहीतकास या वाक्यांनी मोठा धक्का दिला.

५. जालङुय : आदराची शब्दकळा

जिर्बल समाजात जावयाने सासूसमोर, तसेच सुनेने सासऱ्यासमोर, नेहमीची भाषा बोलावयाची नसे. ‘गुवाल’ या नित्याच्या भाषेऐवजी तेथे ‘जालङुय’ योजावी लागे. दोहोंचे व्याकरण व ध्वनी सारखेच. शब्द मात्र जवळजवळ सर्व निराळे. जालङुयमध्ये शब्दसंख्या सुमारे चौथाई असे. गुवालमध्ये सरड्यांच्या अनेक जातींना स्वतंत्र नावे आहेत. जालङुयमध्ये त्या सर्वांसाठी ‘जिजान’ हा एकच शब्द.

सुमारे १९३० नंतर हा प्रघात मागे पडला, तरी १९६३ पासून डिक्सन यांनी केलेल्या क्षेत्रकार्यात वृद्धांकडून ती शब्दकळा बरीचशी मिळविता आली. तिचा शास्त्रीय उपयोग मोठा आहे. गुवालमधील प्रत्येक शब्दास जालङुयमधील प्रतिशब्द, आणि उलट, असे विचारीत गेले की कोणते अर्थ भाषकांच्या मते एका कुळातील आहेत हे आपोआप उघड होते. कोशकाराने आपल्या बुद्धीने करावयाचे वर्गीकरण येथे भाषेनेच करून ठेवले होते.

६. समुद्र चढला तेव्हा

आता प्रवाळ आणि अरण्य यांकडे वळू. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या परमावधीस, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज जेथे प्रवाळभित्ती आहे तो प्रदेश तेव्हा कोरडी भूमी होता. पुढे बर्फ वितळून पाणी चढत गेले व साधारणपणे सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीजवळ स्थिरावले. आजचे जिवंत प्रवाळ त्या बुडालेल्या भूमीवर, जुन्या प्रवाळांच्या पायावर, वाढले आहे. ऑस्ट्रेलियात मनुष्यवस्ती याच्या कितीतरी आधीपासून आहे. अर्थात, या किनाऱ्यावरील माणसे आजच्या प्रवाळभित्तीहून जुनी आहेत.

यिदिञ् व गुंगाय भाषकांकडून डिक्सन यांनी नोंदविलेल्या कथांत असे सांगितले आहे की किनारा एकेकाळी आज जेथे प्रवाळभित्ती आहे तेथे होता. एका मनुष्याने निषिद्ध मासा मारल्यामुळे समुद्र कोपून चढू लागला. लोकांनी डोंगरावर जाऊन तापविलेले धोंडे खाली लोटले आणि पाणी थांबविले. केवळ कथा म्हणून ती कोणी बाजूस सारील. परंतु तिच्याबरोबर भूनामेही आली आहेत. फिट्झरॉय बेटाच्या नावाचा अर्थ ‘हाताचा खालचा भाग’ असा असून ते बेट मुख्य भूमीच्या एका भूशिराचा अवयव असल्याचे त्यात सूचित आहे. ते बेट आणि किनारा यांमधील, आज पाण्याखाली असलेल्या, एका स्थळास तेथे पूर्वी उगवणाऱ्या वृक्षाचे नाव आहे. आणि यिदिञ् भाषेत ‘बेट’ या अर्थाचा ‘दारुवाय’ हा शब्द ‘लहान टेकडी’ या अर्थीही वापरला जातो.

पठारावरील सरोवरांची कथा याहून सूचक आहे. ईचम, बरीन आणि यूरामू ही सरोवरे ज्वालामुखीच्या स्फोटाने झालेल्या खळग्यांत साठली आहेत. दोन तरुणांनी निषेध मोडल्यामुळे भूमी हादरली, आकाशाचा रंग पालटला आणि माणसे गिळली गेली, अशी कथा १९६४ साली नोंदली गेली. कथा सांगणाऱ्याने जाता जाता म्हटले की त्या वेळी तेथे घनदाट अरण्य नव्हते, विरळ रान होते. पुढे पीटर कर्शॉ यांनी सरोवराच्या गाळातील परागकणांचा अभ्यास केला. त्यात त्या जागी पर्जन्यारण्य पसरून साडेसात-आठ हजार वर्षेच झाल्याचे आढळून आले. तत्पूर्वी तेथे विरळ रानच होते. पर्जन्यारण्यातील वृक्षकुळे अतिप्राचीन आहेत यात शंका नाही, परंतु कोरड्या काळात ती आश्रयस्थानांपुरती संकोचली होती व पाऊस वाढल्यावर पुन्हा पसरली.

अशा साक्षीचे मोल ठरविताना सावधगिरी हवी. उथळ समुद्र पाहून पूर्वी येथे जमीन असावी असा तर्क कोणीही करू शकेल. कथा त्या तर्कातूनही जन्मू शकते. परंतु काही गोष्टी या शंकेच्या विरुद्ध जातात. पॅट्रिक नन आणि निकोलस रीड यांनी २०१६ साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील २१ ठिकाणच्या अशा कथा एकत्र केल्या. ती सर्व समुद्राने भूमी गिळल्याच्याच कथा आहेत. समुद्र मागे हटल्याच्या कथा तर्काने तितक्याच सहज सुचू शकल्या असत्या. दुसरे असे की बुडालेल्या एका विशिष्ट जागी विशिष्ट वृक्ष होता हे पाण्याकडे पाहून सुचत नाही. आणि सरोवराच्या कथेतील रानाविषयीचे वाक्य तर परागकणांचा अभ्यास होण्यापूर्वीच नोंदले गेले होते. त्या वेळी ते वाक्य कोणास खरे वाटण्याचे काही कारणही नव्हते. सात हजार वर्षे ही स्मृती टिकली हे सिद्ध झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ती शक्यता आता हसण्यावारी नेता येत नाही.

७. ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

ही साक्ष मिळाली ती अगदी शेवटच्या घटकेस. १८९२ साली याराबा येथे ख्रिस्ती मिशन स्थापन झाले. १८९७ साली क्वीन्सलँड शासनाने केलेल्या कायद्यान्वये मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीतून हलविण्याचे अधिकार अधिकाऱ्यांना मिळाले. निरनिराळ्या भाषांचे लोक एकत्र आणले गेले, मुले वसतिगृहांत ठेवली गेली आणि इंग्रजीखेरीज बोलणे दंडनीय ठरले. दोन-तीन पिढ्यांत भाषेची साखळी तुटली. डिक्सन यांचे यिदिञ् व्याकरण १९७७ साली निघाले, तेव्हा ती भाषा अस्खलित बोलणारे हातांच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

अ‍ॅनेट श्मिट यांनी १९८५ साली तरुण पिढीच्या जिर्बलवर ग्रंथ लिहिला. भाषा एकाएकी नाहीशी होत नाही. ती क्रमाने विरत जाते, हे त्यात दाखविले आहे. प्रथम ‘-ङ्गु’ची ध्वन्यनुसारी रूपांतरे गळाली, मग तो प्रत्ययच गेला आणि इंग्रजीप्रमाणे शब्दक्रमच कर्ता-कर्म सांगू लागला. चार नामवर्गांचे तीन झाले : पुरुष आणि प्राणी, स्त्रिया, व इतर. सूर्याचे स्त्रीत्व आणि पक्ष्यांविषयीची श्रद्धा सांगणारे वर्ग-नियम या क्रमात नाहीसे झाले.

१७८८ साली ऑस्ट्रेलियात अडीचशेहून अधिक भाषा होत्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार किमान १२३ भाषा काही ना काही प्रमाणात वापरात आहेत किंवा पुन्हा शिकविल्या जात आहेत. परंतु मुले ज्या सहज आत्मसात करतात अशा केवळ बाराच्या आसपास. केर्न्सच्या परिसरात गुगु यिमिदिर ही भाषा काही शेकडो लोक अद्याप बोलतात. जाबुगाय व यिदिञ् यांचे पुनरुज्जीवन त्यांचे वारस करीत आहेत, आणि त्यासाठी त्यांचा मुख्य आधार म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत वृद्धांनी अभ्यासकांना दिलेली सामग्री. बॅरन नदीच्या धबधब्यास ‘दिन दिन’ हे मूळ नावही आता लावले जाते. २००४ साली बॅरन घळीच्या राष्ट्रीय उद्यानावरील जाबुगाय लोकांचा परंपरागत हक्क न्यायालयाने मान्य केला.

२०१६ आणि २०१७ या लागोपाठच्या वर्षी प्रवाळभित्तीचे मोठे भाग समुद्राच्या उष्णतेने पांढरे पडले व ते वृत्त जगभर गेले. विमानांतून पाहणी झाली, नकाशे निघाले. भाषा पांढरी पडते तेव्हा वरून काहीच दिसत नाही. प्रवाळभित्तीच्या भवितव्याविषयीच्या चर्चेत समुद्र चढण्याचा प्रश्न आज पुन्हा पुढे आला आहे. तो मागच्या खेपेस चढला तेव्हाचे वर्णन ज्या भाषांत राहिले, त्यांतील शेवटचे निवेदक वेळीच भेटले म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. ज्या निवेदकांकडे कोणी गेलेच नाही, त्यांच्या भाषांत काय होते, हे आता कोणत्याही गाळातून काढता येणार नाही.